बावीच्या मानेचा काळा दोरा

बावीची, माझ्या कापडी बाहुलीची, शिवण उसवण्याआधी तिला १४ दिवस फ्रीजरमध्ये ठेवावं लागलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आतली हवा दाबून काढून, पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करून मी तिला बर्फाच्या कप्प्यात आडवी निजवली. तेव्हा मी ५१ वर्षांची होते आणि ती ४८ची. कप्प्याचं दार लावताना हात थांबला. लहानपणी मी तिचा पायसुद्धा पांघरुणाबाहेर राहू देत नसे.

कारण होतं कसर. आईने जुनं कपाट रिकामं केलं तेव्हा बावी अगदी तळाशी, चादरींच्या खाली सापडली. तिचे केस लोकरीचे, आणि लोकर म्हणजे कसरीचं खाद्यच. डोक्याच्या मागच्या बाजूला, केसांच्या मुळाशी, वाळूसारखी बारीक पूड होती आणि रिकाम्या, जाळीदार अशा चिमुकल्या नळ्या. उडणारा पतंग कापड खात नाही. खाते ती त्याची अळी. लोकर, केस, पिसं यांतलं केराटिन नावाचं प्रथिन तिला पचवता येतं. सुती कापडाच्या वाटेला ती सहसा जात नाही. म्हणून बावीचं अंग वाचलं होतं आणि मागचे केस गेले होते. अंडी मात्र कुठे दडली असतील ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. जुनी वस्त्रं जपणाऱ्या संग्रहालयांत यावर जो उपाय करतात तो घरीही करता येतो: उणे १८ अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच ठेवायची, नाहीतर हवेतली वाफ थंड कापडावर दव होऊन बसते. तो एक दिवस मला आधीच्या १४ दिवसांपेक्षा लांब वाटला.

बावी म्हणजे बाहुली. तीन वर्षांची असताना मला 'बाहुली' म्हणता येत नव्हतं, मी 'बावी' म्हणायचे, आणि घरानेही तेच नाव धरलं. धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळी आई बरेच दिवस दवाखान्यात होती आणि मी आजीजवळ. मी रात्री झोपत नसे. तेव्हा आजीने उशीचा एक विरलेला अभ्रा काढला आणि त्याची बाहुली करायला घेतली. मला त्यातलं फार थोडं आठवतं. कात्रीचा कापडातून जाणारा कर्र आवाज आठवतो, आणि आजीच्या मांडीवर पडलेलं, अजून तोंड नसलेलं काहीतरी पांढरं. "हिला डोळे कधी येणार?" असं मी पुन्हापुन्हा विचारत होते म्हणे, आणि आजी म्हणत होती, "तू झोपलीस की येतील." सकाळी डोळे आले होते.

दुरुस्ती करायची म्हणून टेबलावर पांढरी चादर पसरली, बावीला तिच्यावर ठेवलं आणि पहिले दोन दिवस नुसतं पाहिलं. फोटो काढले, पुढून, मागून, दोन्ही कुशींवरून. वहीत मापं लिहिली. उंची ३६ सेंटीमीटर, वजन २३० ग्रॅम. उजवा हात १५ सेंटीमीटर, डावा साडेसतरा. उजवी कूस उसवलेली, त्यातून कापूस बाहेर. पाठीवर तळहाताएवढा भाग इतका विरलेला की आतल्या चिंध्यांचा रंग दिसत होता. डाव्या डोळ्याचे टाके निम्मे सुटलेले. मान पार ढिली, डोकं डाव्या खांद्यावर कललेलं. मानेभोवती लाल रिबिन. ही रिबिन मी बांधलेली, दहाअकरा वर्षांची असताना. ती सोडली तर खाली तो दोरा तसाच होता, जो मला तेव्हा बघवत नव्हता: जाड, काळा, लांब लांब टाक्यांचा.

आजीने मान पुन्हा शिवून दिली होती त्या दिवशी मी म्हणाले होते, "पांढऱ्या मानेला काळा दोरा? आजी, वाईट दिसतंय ते." आजीने मान हलवून दाखवली आणि म्हणाली, "पक्कं झालंय बघ." मी बावीला घेऊन आत गेले आणि रिबिन बांधली. वहीत मी लिहिलं: मान, काळा दोरा, आजी. आणि त्यापुढे एक प्रश्नचिन्ह.

नुसत्या पाहण्यातच खूप कळतं, म्हणून कुणी जुनी कापडी वस्तू दुरुस्त करायला घेणार असेल तर मी सांगेन, सुई नंतर. आधी एक लोहचुंबक सगळ्या अंगावरून फिरवा. आत टाचणी किंवा सुईचं टोक राहिलेलं असू शकतं, आणि दाबून बघताना ते बोटात घुसतं. बावीच्या कमरेशी चुंबक चिकटला. फ्रॉक सैल व्हायला लागला तेव्हा मीच खोचलेली टाचणी, पुरती गंजलेली. भोवती तपकिरी डाग, आणि डागाच्या जागी कापड बोट लावताच फाटेल इतकं कमजोर. लोखंडाचा गंज सुती धाग्याचा ऱ्हास वाढवतो, हे वाचून माहीत होतं. माझ्या एका टाचणीने केलेलं बघितलं तेव्हा खरं कळलं.

मग धूळ. व्हॅक्यूम क्लीनर अगदी कमी ओढीवर ठेवला, नळीच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बांधला, म्हणजे सुटा धागा आत ओढला जाणार नाही, आणि मऊ ब्रशने धूळ नळीकडे ढकलत गेले. अंग झालं, केस झाले. फ्रॉक वेगळा केला. त्याच्या आतल्या शिवणीवर पाण्याचा एक थेंब सोडून पांढरं कापड दाबून धरलं. कापडावर गुलाबी ठिपका उमटला. म्हणजे रंग सुटतो. फ्रॉकला पाणी लावायचं नाही, हे तिथेच ठरलं.

उसवायला मी कुशीतली आधीच सुटलेली शिवण निवडली. नवी जखम करायची नव्हती. बारीक टोकाच्या कात्रीने एकेक टाका कापायचा, दोरा ओढायचा नाही, चिमट्याने उचलून बाजूला ठेवायचा. पाच टाके झाले आणि मी थांबले, कारण दोरे वेगवेगळे होते.

सगळ्यात जुनी शिवण पांढऱ्या दोऱ्याची, आता पिवळट पडलेली. उलटी टीप, हाताची, पण मशीनला लाजवील अशी सारखी. पट्टी लावून मोजले: सेंटीमीटरला सहा टाके. हे पहिल्या रात्रीचं काम. काखेत दुसरा दोरा होता, किंचित राखाडी, सेंटीमीटरला चार. कुशीत तिसरा, सेंटीमीटरला तीन, आणि इथे ओळ थोडी वाकडी. मानेवरचा काळा तर सेंटीमीटरला जेमतेम दीड. मी हे आकडे एकाखाली एक लिहिले. बावी किती वेळा फाटली आणि किती वेळा शिवली गेली, याचा हिशेब मी कधी ठेवलाच नव्हता. मला वाटायचं ती एकदाच झाली आणि मग होतीच.

आतून जे निघालं ते मी काढलं त्याच क्रमाने चादरीवर मांडत गेले. वर कापसाचा थर, गोळे झालेला. कापूस हवेतला ओलावा धरतो, दाबला जातो, आणि वर्षानुवर्षं मिठी मारली गेली की त्याच्या गुठळ्या होतात. त्याखाली चिंध्या. आजोबांच्या रेघांच्या शर्टाची कॉलर, करड्या मोज्याची टाच, माझ्याच कुठल्यातरी पिवळ्या झबल्याची पट्टी. पोटाच्या मधोमध दोऱ्याने गुंडाळून घट्ट बांधलेला एक बोळा. तो मी सोडला नाही. तो घट्ट होता म्हणूनच बावी बसवली की बसायची, आडवी होत नसे. आजीने तिला कणा दिला होता आणि मला ते ४८ वर्षं माहीत नव्हतं.

उजव्या पायाची कातडी उलटी केली तर आत अर्धं फूल. निळ्या दोऱ्याने भरलेल्या चार पाकळ्या, बाकीच्या शिवणीत कापल्या गेलेल्या. अभ्र्याच्या कोपऱ्यावरचं भरतकाम. आजीने ते बाहेर ठेवलं असतं तर एका पायाला फूल आणि एकाला नाही असं झालं असतं, म्हणून तिने ते आत घेतलं असणार. का कोण जाणे, मला त्या फुलाने फार आनंद झाला. मी रात्री पाय दुमडून तिला कुशीत घ्यायचे तेव्हा ते तिथे होतं.

हातांचं कोडंही तिथेच सुटलं. लहानपणी माझी खात्री होती की बावी वाढते. मी तसं आजीला सांगितलं होतं, "बावीचा हात मोठा झालाय." आजीने बोटांनी मोजलं, दोन्ही हात जुळवून पाहिले आणि गंभीरपणे म्हणाली, "हो गं, झालाय खरा." आता कापड उजेडात धरलं तर धाग्यांची वीण तिरकी दिसली. अभ्रा पुरला नसावा. धड आणि पाय तिने उभ्या धाग्यावर कापले होते आणि हात उरलेल्या कोपऱ्यांतून, उरेब. सरळ कापलेलं कापड ओढलं तरी फारसं ताणत नाही, कारण ताण थेट धाग्यावर येतो. उरेब कापडात ताण आला की धाग्यांचे चौकोन कलंडून लांबट होतात आणि कापड लांबतं. मी बावीला घरभर ओढत न्यायचे ती नेहमी डाव्या हाताला धरून. म्हणजे हात खरोखरच वाढला होता, अडीच सेंटीमीटर. आजी खोटं बोलली नव्हती.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक चिंध्यांची बाहुली आहे, इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस इथली, रोमन काळातली. इसवी सनाच्या पहिल्या ते पाचव्या शतकांमधली कुठलीतरी. तिचं अंग लिननचं आणि आत भरलेत चिंध्या आणि पपायरसचे, म्हणजे तेव्हाच्या कागदाचे, तुकडे. तिचा फोटो मी पूर्वी पाहिला होता तेव्हा 'किती जुनी' एवढंच वाटलं होतं. माझ्या चादरीवर कॉलर, टाच आणि झबल्याची पट्टी मांडून ठेवल्यावर तो फोटो पुन्हा उघडला. तिथेही कुणीतरी हाताशी जे उरलं होतं तेच आत भरलं होतं. घरात टाकून द्यायचं काय होतं हे त्या पपायरसच्या तुकड्यांवरून कळतं, तसंच माझ्या आजीच्या घरात काय उरत होतं ते बावीच्या पोटात होतं.

धुवायचं की नाही, यावर मी चार दिवस घालवले.

धुवायची कारणं पक्की होती. जुन्या सुती कापडात काळाच्या ओघात आम्ल तयार होतं, ते धाग्याला आतून खात राहतं, आणि पिवळेपणाचा बराच भाग पाण्यात विरघळून निघतो. न धुण्याचं कारण फक्त एक होतं आणि ते मला आतून माहीत होतं. मी पाच वर्षांची असताना आजीने बावीला धुतलं होतं. मला न विचारता. मी दोरीखाली उभी राहून तिच्याकडे पाहत होते, ती दोन्ही हातांना चिमटे लावून लटकत होती आणि पायांतून पाणी ठिबकत होतं. रात्री ती कुशीत आली तेव्हा तिला साबणाचा वास होता. मी तिला ढकलून दिलं आणि "ही नाही, माझी आण" म्हणून रडले. पुढचे किती दिवस लागले ते आठवत नाही, पण आजीने पुन्हा कधी तिला माझ्यासमोर धुतलं नाही.

डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. आईपासून वेगळं होताना मूल ज्या एका वस्तूला धरून राहतं, चादरीचा कोपरा असो वा मऊ खेळणं, तिच्याबद्दल त्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लिहिलंय. आया त्या वस्तूला मळू देतात, वास येऊ देतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. कारण धुतली की मुलाच्या अनुभवाच्या सलगपणात खंड पडतो आणि त्या वस्तूचा अर्थच नाहीसा होऊ शकतो. हे वाचलं तेव्हा दोरीखालची मी मला दिसले. मी हट्टी नव्हते. माझं काहीतरी खरोखर गेलं होतं.

शेवटी मी बावीला नाकाशी धरलं. तिला बावीचा वास येत नव्हता. कपाटाचा, जुन्या कागदाचा, दमटपणाचा येत होता. तिचा वास केव्हाच गेलेला होता. मग मी फक्त रिकामी झालेली अंगाची कातडी धुतली. चिंध्या, कापूस, बोळा आणि फ्रॉक यांना पाणी लावलं नाही. त्याआधी चेहऱ्याच्या आणि मानेच्या दोऱ्यांवर, आणि त्या अर्ध्या फुलावरही, थेंबाची परीक्षा घेतली; रंग सुटला नाही. पसरट भांड्यात शुद्ध पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, आणि कापड जाळीवर ठेवून जाळीसकट बुडवायचं. ओलं कापड नुसतं उचललं तर पाण्याच्या वजनानेच विरलेला भाग फाटतो. चोळायचं नाही, पिळायचं नाही. पहिलं पाणी दहा मिनिटांत गडद पिवळं झालं. सहाव्या पाण्याला ते स्वच्छ राहिलं. सावलीत, आडवं, टॉवेलवर वाळवलं.

या मधल्या दिवसांत घरी आलेल्या एका नातलग बाईंनी सगळा पसारा पाहिला आणि अगदी आपुलकीने सुचवलं, "एवढं करतेस त्यापेक्षा हिच्यावरून माप घेऊन हुबेहूब नवीनच का शिवत नाहीस?" त्यांचं चूक नव्हतं. शिवणकाम म्हणून ते सोपं होतं. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एक 'नक्कल करणारं यंत्र' दाखवलं, प्रत्यक्षात ती जादूगारासारखी हातचलाखी होती, आणि सांगितलं की यात ठेवलेल्या वस्तूची हुबेहूब दुसरी प्रत निघते. ज्या मुलांची झोपतानाची लाडकी वस्तू त्या यंत्रात ठेवली, त्यांतल्या बहुतेकांना परत हवी होती ती आपली मूळचीच. काहींनी तर ती आत ठेवूच दिली नाही. त्यांतला कुणी मला भेटला असता तर आम्हाला एकमेकांना काही समजावून सांगावं लागलं नसतं.

पाठीला आतून ठिगळ लावायचं होतं. जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती रुमालाचा तुकडा घेतला. नवं कापड नको, ते आटतं आणि जुन्याला ओढतं. दोराही सुतीच, बारीक. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत असतो हाच त्याचा दोष. ताण आला की तो तुटत नाही, जुनं कापड कापतो. ठिगळ आतून बसवायचं आणि वरून विरलेल्या भागावर लांब धागे समांतर टाकत, त्यांना बारीक आडव्या टाक्यांनी धरून ठेवत जायचं. घट्ट ओढायचं नाही. संध्याकाळ होती. मी दिवा लावला, चष्मा घातला, अंगुस्तान चढवलं आणि पिवळट कापडावर पिवळट दोऱ्याने सुरुवात केली.

पाचव्या की सहाव्या टाक्याला मला मागचा टाका सापडेना.

सुई कुठून बाहेर आली होती ते दिसत नव्हतं. कापड जवळ धरलं, धूसर. लांब धरलं, बारीक. चष्मा काढला, घातला. बोटांनी चाचपलं तेव्हा टाका लागला, पण डोळ्यांना दिसेना. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं नीट दिसत नाही, हे काही नवीन नव्हतं. पण रंगावर तोच रंग असला की अडचण दुप्पट होते, हे कधी अशा कामाला बसले नव्हते म्हणून लक्षात आलं नव्हतं. मी सुई ठेवली. मनात म्हटलं, आधी कच्चा धावदोरा घालून घेऊ, गडद रंगाचा, म्हणजे रेघ दिसेल. डब्यात हात घातला आणि जे रीळ हाताला आलं ते काळं होतं.

मी ते हातात घेऊन तशीच बसून राहिले.

मग आईला फोन केला. विचारलं, "आई, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं गं?" आई थोडा वेळ आठवत राहिली. म्हणाली, "तू सातवीत गेलीस त्या वर्षी. पण त्याच्या आधी दोनेक वर्षं तिला काही दिसत नव्हतं. बोटांनीच शिवायची. कुणाला कळू द्यायची नाही." मी विचारलं, "पांढऱ्यावर पांढरा दोरा दिसत नसेल?" आई म्हणाली, "काळा तरी कुठे धड दिसत होता?"

बावीची मान शिवली तेव्हा मी पाचवीत होते.

त्या संध्याकाळी पुढे काही केलं नाही. रिबिन टेबलावर होती, ती गुंडाळून डब्यात ठेवली. मानेचा काळा दोरा धुण्यातही मी उसवला नव्हता, केवळ तो अजून पक्का होता म्हणून. आता तो उसवायचा प्रश्नच उरला नाही. वहीतल्या प्रश्नचिन्हावर मात्र मी काट मारली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात, काळ्या धावदोऱ्याची रेघ घालून, पाठीचं ठिगळ पुरं केलं. चार सकाळी लागल्या.

चेहऱ्याचं मी शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे मला सगळ्यात जास्त भीती होती. माझ्या आठवणीतली बावी हसते. ओठांची कड वर गेलेली, गालाकडे. कुणीही विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं. धुतल्यानंतर चेहरा स्वच्छ झाला आणि पाहिलं तर तोंड म्हणजे लाल दोऱ्याची एक आडवी रेघ, उलट्या टिपेचे सात टाके, १४ मिलिमीटर. दोन्ही टोकं सरळ. कुठे टाका सुटलाय का, भोकं रिकामी दिसतायत का, म्हणून भिंगाने तपासलं. काही सुटलेलं नव्हतं. ती कधी हसतच नव्हती.

भावाला फोटो पाठवला आणि विचारलं, तुला बावीचा चेहरा कसा आठवतो? त्याचं उत्तर लगेच आलं: "रागीट. मी तुझ्या वस्तूंना हात लावला की माझ्याकडे बघायची."

वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळांत ज्या कापडी बाहुल्या करतात त्यांचे डोळे आणि तोंड मुद्दाम ठिपक्याएवढेच ठेवतात, म्हणजे हसणं-रडणं मुलाने आपलं आपण बघावं. आजीला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. मूल झोपलंय, सकाळपर्यंत तोंड करायचंय, लाल दोरा एवढाच आहे, हे तिला ठाऊक होतं. त्या सरळ रेघेवर मी रोज रात्री हसू पाहत होते आणि माझा भाऊ राग.

डाव्या डोळ्याचे सुटलेले टाके पुन्हा भरायचे, असा माझा आधी बेत होता. तपकिरी दोऱ्याच्या तीन छटा आणून ठेवल्या होत्या. त्या वापरल्या नाहीत. जे सुटे धागे उरले होते ते केसाएवढ्या बारीक दोऱ्याने जागच्या जागी बांधून टाकले आणि बाकीची भोकं तशीच ठेवली. मी त्या डोळ्यात एक जरी टाका घातला असता तर तो माझा डोळा झाला असता.

केसांचं तसं नव्हतं. मागचं डोकं बोडकं ठेवणं मला जमलं नसतं. लेकीने तिच्या लहानपणीच्या स्वेटरची लोकर उसवून दिली. उसवलेल्या लोकरीला विणीच्या लाटा राहतात. भिजवून, खाली वजन बांधून टांगली की त्या जातात. आम्ही त्या जाऊ दिल्या नाहीत. पुढचे केस सरळ आणि काळसर, मागचे कुरळे आणि तपकिरी. वेणी घातली की फरक दिसतो. दिसू दे.

भरताना घाई केली की बाहुली कायमची बिघडते. मोठा बोळा कोंबला की गाठ होते आणि ती नंतर कितीही दाबली तरी मोडत नाही. चिमूटभर कापूस घ्यायचा, बोटांनी पिंजून मोकळा करायचा, आणि सगळ्यात लांबच्या टोकापासून सुरुवात करायची: आधी पावलं, मग पाय, मग तळहात. ढकलायला विणायच्या सुईचं बोथट टोक. जुना कापूस मी सगळा पिंजून परत घातला, मूठभर नवा लागला तेवढाच. चिंध्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच्या उलट क्रमाने गेल्या. झबल्याची पट्टी, टाच, कॉलर. घट्ट बोळा पोटाच्या मधोमध. कूस बंद करायला दोन्ही कडांच्या घडीतून आळीपाळीने जाणारा टाका घातला, जो ओढला की आत लपतो. सेंटीमीटरला साडेतीन जमले. आजीच्या तिसऱ्या दोऱ्याच्या जवळपास.

राहिली मान. कापडी बाहुलीची मान हीच नेहमी आधी जाते, कारण सगळ्यात अरुंद जागा तीच आणि डोक्याचा भार तिच्यावर. आत एक काडी घालून ती धडापासून डोक्यापर्यंत नेली की डोकं ताठ राहतं. मी त्यासाठी लाकडाची काडी कापून, पॉलिश पेपरने घासून, टोकं गोल करून तयार ठेवली होती. भरताना ती घालायची म्हणून हातातही घेतली. पण काडी वरपर्यंत न्यायची तर वाटेतली मान मोकळी करायला हवी, म्हणजे निदान तीन काळे टाके कापायला हवे.

काडी अजून शिवणाच्या डब्यात आहे. बावीला बसवलं की ती बसते, हात वेगवेगळ्या लांबीचे, आणि डोकं डाव्या खांद्यावर कलतं. त्यामुळे उजव्या बाजूला, गाल आणि खांद्याच्या मधे, एक खळगा राहतो. रात्री माझी हनुवटी तिथे असायची. सगळं झाल्यावर, घरात कुणी नसताना, मी ठेवून पाहिली. अजून बसते.